अल्माझची परात

परदेशी जायला निघालात की तुमच्या बॅगेत पापड आणि तिखट कोण भरतं, तुमची भूक की तुमची भीती? खरं सांगा. मी विचारते, कारण एकोणिसाव्या वर्षी माझ्या बॅगेत मुगाच्या सांडग्यांसारख्या दोन किलो मुंगवड्या, दीड किलो पापड, ज्वारीचं पीठ, शेवया आणि गुळाची ढेप होती आणि हे सगळं मी तत्त्व म्हणून नेते आहे असं मी अख्ख्या गावाला लिहून कळवलं होतं. लिहून म्हणजे छापून. आमच्या घरात मनात आलेली गोष्ट छापल्याशिवाय पूर्ण व्हायची नाही.

आमचं किराणा दुकान शेलूबाजारला, हायवेला लागून. समोर जीपवाले "कारंजा, कारंजा" ओरडत उभे असत आणि आत बाबा गादीवर बसून पत्रकं लिहीत. हुंडा घेऊ नका, लग्नात डीजे लावू नका, पंगतीत टाकू नका, प्लास्टिकच्या पन्नीत चहा नेऊ नका. वाशीमच्या छापखान्यातून गठ्ठा यायचा. गुलाबी किंवा पिवळा कागद, सुतळी बांधलेली, शाईचा वास अजून ओला. साखर घ्या की एक पत्रक, तेल घ्या की एक पत्रक. लोक त्यात फुटाणे बांधून खायचे, आणि बाबांना त्याचं वाईट वाटत नसे. "फुटाणे खाताना तरी वाचतीन," म्हणायचे. बाकीच्या मुली परीच्या गोष्टी ऐकत वाढल्या, मी "बंधूंनो आणि भगिनींनो" ऐकत वाढले. बाराव्या वर्षी मी प्रुफं तपासायचे आणि पंधराव्या वर्षी माझं पहिलं पत्रक निघालं, त्यात वाक्यांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त होती. आता लिहिताना मी ते चिन्ह जपून वापरते, पण तेव्हाच्या त्या पोरीवर माझा राग नाही. तिला जगाला सुधारायची घाई होती.

आमचं घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे, आणि सूर्य मावळायच्या आत चूल विझायची. संध्याकाळी पाच वाजता आमच्या स्वयंपाकघरात जी गडबड असायची ती इतरांकडे रात्री आठला असते. जेवण झालं की ताट धुऊन प्यायचं ही पद्धत. ताटलीत पेलाभर पाणी घालायचं, बोटाने कडा पुसत फिरवायचं आणि पिऊन टाकायचं, म्हणजे कणही वाया जात नाही आणि उरलेल्या अन्नात जीवही मरत नाही. स्टीलच्या ताटलीत फिरणाऱ्या पाण्याचा तो बारीक सूं सूं आवाज ऐकला की जेवण संपलं हे न पाहताच कळायचं. आई ते इतक्या सफाईने करायची की ताटली घासायला टाकायची ती नुसती नावाला.

माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा इथिओपियातल्या एका डोंगराळ गावात कॉलेजात शिकवायला गेला होता. ताईही तिकडेच होती आणि तिला दिवस गेले. बाळंतपणाला आईने जायचं ठरलं होतं, पण तिचे गुडघे जिना चढू देईनात, तर विमान कुठलं. मग बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपवून तीन महिन्यांसाठी मी निघाले. निघायच्या आधी अर्थातच पत्रक काढलं. मथळा होता, 'देश बदलला तरी ताट बदलणार नाही!' परदेशी जाऊन तिथलं काहीबाही खाऊन येणाऱ्यांना आणि इथे येऊन त्याची फुशारकी मारणाऱ्यांना मी त्यात जिभेचे गुलाम म्हटलं होतं. शेवटी जाहीर केलं होतं की तीन महिने परक्या हातचा एक घासही माझ्या तोंडात जाणार नाही.

बाबांनी मजकूर दोनदा वाचला. "लिहिलं तं बेस हाय," ते म्हणाले. "पण छापलं का मंग निभवा लागते, पोरी. कागद फाटते, लोकं नाही इसरत."

"निभावीन मी," मी म्हटलं.

आई आतून म्हणाली, "तुह्या पत्रकाचं तू पाय. मी मुंगवड्या दोन किलो टाकून राह्यली."

"वजन जास्त होईन, आई."

"होऊ दे. वजनानं कोणी मरत नाही."

ताईचं घर म्हणजे अल्माझच्या अंगणातल्या मागच्या तीन खोल्या. अल्माझ घरमालकीण, आमच्या आईच्या वयाची, उंच, मसाले कुटून बाजारात विकणारी. सकाळी निलगिरीच्या लाकडाचा धूर आणि लाल मिरची कुटल्याचा खकाणा एकदमच नाकात शिरायचा. दोन दिवसांआड ती अंगणात मोठ्या मातीच्या तव्यावर धिरडी घालायची, परातीएवढी रुंद, वरच्या बाजूने जाळीच जाळी. पीठ तीन दिवस आंबवलेलं. ज्या धान्याचं ते पीठ, त्याचे दाणे खसखशीएवढे बारीक. मी कुंपणापाशी उभी राहून हे सगळं पाहायचे, आणि पाहते आहे हे कळू नये म्हणून हातात पुस्तक धरायचे. बाजारात गेले तर ढिगाने ज्वारी दिसली. शेलूबाजारच्या बाहेर ज्वारी असते याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी मूठभर हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग मी एक पोटनियम काढला: कच्चं धान्य विकत घेता येईल, शिजलेलं घेता येणार नाही. पत्रकात असं काही नव्हतं, पण लेखिकाच मी असल्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं.

अल्माझ दर तीन-चार दिवसांनी झाकलेली ताटली घेऊन यायची. ताई आनंदाने झाकण काढायची. मी हात जोडायचे, पोटावर हात ठेवून मान हलवायचे आणि माझ्या मुंगवड्या चुलीवर चढवायचे. अल्माझ ताटली ठेवून माझ्याकडे पाहत एखादं मिनिट थांबायची आणि जायची. एकदा ताई चिडली.

"तू मदतीले आली का मले शिकवाले आली? ती बाई माह्यासाठी दवाखान्यात चार वेळा आली, म्हाईत हाय तुले? आन तू तिच्या ताटाकडं असं पायतं जशी का त्यात पाल पडली."

"माहं व्रत हाय, ताई."

"व्रत नाही, पत्रक हाय. अन् तुही पत्रकं इथं कोणाले वाचता येते?"

मला राग आला, कारण तिचं म्हणणं खरं होतं. व्रत तर अल्माझचं होतं. बुधवारी आणि शुक्रवारी ती दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसे, आणि त्यानंतरही दूध, तूप, अंडं, मांस यातलं काही नाही. आमच्याकडे आई एकासन करते, म्हणजे दिवसातून एकदाच बसून जेवते, अगदी तसं. फरक एवढाच की अल्माझने त्याविषयी कधी कोणाला काही सांगितलं नव्हतं. ताईने मला सांगितलं तेव्हा मला कळलं.

ताईला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आणली आणि दुपारी शेजारच्या आठ-नऊ बाया घरात आल्या. तिथली पद्धत अशी की बाळंतिणीच्या घरी सगळ्यांनी मिळून एक घट्ट लापशी खायची, गेन्फो म्हणतात तिला. खाणारी प्रत्येक बाई त्या घासाबरोबर मुलाला आशीर्वाद देते. ती आमच्याच चुलीवर शिजली. अल्माझ जवाचं भाजलेलं पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी दांड्याने घोटत होती, आणि ते इतकं घट्ट होत गेलं की तिचे खांदे वरखाली होत होते. मग तामचिनीच्या मोठ्या रंगीत परातीत त्याचा डोंगर केला, मधोमध खड्डा केला आणि खड्ड्यात मसाल्यात कढवलेलं तूप आणि तिखट ओतलं. ताई पलंगावरून मला म्हणाली, "तिखट तिनं येगळं कुटलं हाय तुह्यासाठी. लसूण नाही, कांदा नाही. मले तीनदा इचारून गेली तुमच्यात काय चालत नाही म्हणून."

बाया परातीभोवती बसल्या. मलाही बसवलं. कोणी हात घालेना. अल्माझने सांगून टाकलं होतं की मुलीच्या घरची बाई पहिला घास घेईल, मग बाकीच्या. बाळंतिणीचं जेवण वेगळं होतं, तेव्हा घरची बाई म्हणजे मी. मी नाही म्हटलं असतं तर आठ भुकेल्या बाया माझ्या भाचीला आशीर्वाद न देता बसून राहिल्या असत्या. हो म्हटलं असतं तर छापलेला शब्द मोडला असता. शेलूबाजारच्या प्रत्येक जीपवाल्याच्या काचेमागे माझं ते गुलाबी पत्रक होतं, आणि त्याखाली माझं नाव.

"खाय आता. बाया थांबून राह्यल्या," ताई म्हणाली.

"म्या छापलं हाय, ताई. अख्ख्या शेलूबाजारनं वाचलं हाय."

"शेलूबाजार इथं हाय काय? दाखव मले, कोन्त्या खुर्चीवर बसलं हाय ते."

अल्माझने विचारलं, काय झालं. ताई बाजारात शिकलेल्या तिथल्या अम्हारिक भाषेत सांगू लागली आणि मला मराठीत समजावू लागली, त्यामुळे पुढचं सगळं मी दोन्हीकडून ऐकलं.

"हिच्या देवाने मनाई केली आहे का?" अल्माझने विचारलं.

"नाही."

"हिच्या आईने?"

"नाही."

"डॉक्टरने?"

"नाही. हिनेच कागदावर लिहिलं आणि गावात वाटलं."

"का?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. पत्रकातलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं, पण त्यातलं एकही त्या बायांसमोर म्हणण्यासारखं नव्हतं. जिभेचे गुलाम म्हणू? कोणाला? लसूण काढून वेगळं तिखट कुटणाऱ्या बाईला? एक म्हातारी खुदकन हसली, मग सगळ्याच हसल्या. अल्माझ मात्र हसली नाही. तिने बोटांनी एक घास तोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. आपल्या हाताने घास भरवणं ही त्यांच्याकडची माया करण्याची रीत. तिने तो तोंडात कोंबला नाही, नुसता धरून ठेवला. तूप तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळू लागलं. तरी तिने हात मागे घेतला नाही.

मी तोंड उघडलं.

आमच्या उकडपेंडीसारखी, म्हणजे कणकेच्या उपम्यासारखी लागली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तशी नव्हती. भाजलेल्या जवाचा खरपूस वास, आणि तुपात कुठला तरी पाला होता ज्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. ती चव मला पूर्ण अनोळखी होती आणि मला ती आवडली. मग मी खरोखर खाऊ लागले. सहा आठवडे मुंगवड्या खाऊन कंटाळलेली एकोणीस वर्षांची मुलगी कशी खाईल तशी खाल्ली. आणि इथे आमच्या घरचं वळण मध्ये आलं. टाकायचं नाही, म्हणून मी माझ्यासमोरची बाजू चाटूनपुसून साफ करायचे. आणि पाहुणीसमोरची जागा रिकामी दिसू द्यायची नाही हे अल्माझचं वळण, म्हणून ती परातीच्या मधून आणखी ढकलायची. मी साफ करायचे, ती ढकलायची. मला वाटत होतं, संपवलं की सुटेन. तिला वाटत होतं, या पोरीची भूक अजून भागलेली नाही. पाचव्यांदा ढकललं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ताईला सगळं कळत होतं, पण ती उशीत तोंड खुपसून हसत होती आणि मध्येच कण्हत होती, "हसवू नका वो, टाके दुखते."

शेवटी एकदा माझी बाजू साफ झाली आणि अल्माझचं लक्ष बाळाकडे गेलेलं दिसलं. मी पटकन पेला उचलला आणि सवयीने पाणी ओतलं. ताटलीत ओततात तसं. परात सगळ्यांची आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. पाणी उताराने पलीकडे गेलं, थेट दुसऱ्या बायांच्या घासांखाली. बायांनी हात मागे घेतले. आता मात्र ताई हसायची थांबली आणि घाईघाईने सांगू लागली की आमच्याकडे ताट धुऊन पितात, एक कण टाकायचा नसतो म्हणून. अल्माझने ते नीट ऐकून घेतलं. मग तिने परात आपल्याकडे कलती केली, कडेला जमलेलं ते तुपाचं, तिखटाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि एक घोट प्याली. तोंड वाकडं केलं.

"चांगली पद्धत आहे," ती म्हणाली. "पण चव नाही."

इतका हशा झाला की बाळ उठलं.

नंतर अंगणात, ताईच्या पलंगाजवळच्या दाराशी, कॉफी भाजली गेली. कॉफी प्यायला चांगले दोन तास लागतात तिथे, आणि घाई करणाऱ्याला वेडा समजतात. तेव्हा अल्माझने विचारलं की तुमच्या गावात मूल झालं की काय करतात. मी उत्साहाने सांगितलं: बारशाला घुगऱ्या वाटतात, म्हणजे भिजवून शिजवलेले गहू-हरभरे, आणि शेजारणी एकमेकींच्या घरच्या घुगऱ्या खातात.

"सगळ्या शेजारणी?" ताईने सांगितल्यावर अल्माझने विचारलं.

"सगळ्या," मी म्हटलं.

माझं हे उत्तर ताईने अल्माझला सांगितलं नाही. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "खोटं कायले सांगून राह्यली? मंगलामावशीच्या घुगऱ्या कोणी खाल्ल्या होत्या?"

मंगलामावशी आमच्या दुकानात धान्य निवडायला यायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. दुकानामागच्या वस्तीत तिचं घर. तिच्या नातवाच्या बारशाला तिने वाटीभर घुगऱ्या आणल्या होत्या. आईने हसून "ठेव वो तिथं" म्हटलं, आणि ती गेल्यावर घुगऱ्या गाईपुढे टाकल्या, वाटी राखेने घासून परत पाठवली. मी तिथेच उभी होते. 'अन्न टाकू नका!' या माझ्याच पत्रकाचं प्रूफ हातात घेऊन. गाईला घातलं म्हणजे टाकलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. परक्या हातचं खाणार नाही हे मी इथिओपियाला निघताना छापलं खरं, पण पाळत ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शेलूबाजारात होतो. मी अल्माझला पुन्हा उत्तर दिलं, या वेळी खरं. तिने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

उरलेले सहा आठवडे मी काय काय खाल्लं ते सगळं लिहीत नाही, नाहीतर हा लेख अल्माझच्या नावावर करावा लागेल. तिच्या हातचं हरभऱ्याच्या पिठाचं लालभडक पिठलं मी आजही करते आणि ते आजही तिच्यासारखं होत नाही. ताईची मुलगी आता पाचवीत आहे आणि तिला तो पदार्थ शेलूबाजारचाच वाटतो.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी दुकानाच्या मागच्या ओट्यावर गेले. मंगलामावशी सुपात तूर पाखडत होती.

"मावशी, उद्या तुह्या घरी जेवाले येऊ काय?"

सूप थांबलं. "काहून? घरी भांडण झालं काय?"

"नाही वो."

"आईले इचारलं?"

"इचारते."

"आधी इचारून ये. मायी रोजी हाय इथं, बाई. तुही हौस होईन अन् माह्या हातचं सूप जाईन."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी क्रांती करायला निघाले होते आणि तिची किंमत दुसरीच बाई देणार होती. मी घरात जाऊन आईला सांगितलं, अल्माझचं, परातीचं, मंगलामावशीचं, आणि हेही की यात मावशीचा काही दोष नाही. आई वाती वळत होती. हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, "दिवस मावळाच्या आत जेवजो."

मंगलामावशीने ज्वारीच्या भाकरी, मुगाचं वरण आणि घोळाची भाजी केली होती. कशातच कांदा नव्हता. मी भाजीकडे पाहते आहे हे पाहून ती म्हणाली, "तुमच्यात नाही चालत, मले ठाऊक हाय. तुह्या आजीच्या वक्तापासून ठाऊक हाय." आमच्या स्वयंपाकघराची सगळी बंधनं तिला पाठ होती, आणि तिच्या घरी भाकरी कशाशी खातात हेही मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "तुह्या घरी काय चालत नाही, मावशी?"

"आमच्या घरी जेवता जेवता गप्पा मारलेल्या नाही चालत. भाकर घे, थंडी होऊन राह्यली."

त्या आठवड्यात मी नवं पत्रक लिहिलं. आधीचं मागे घेत असल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं. कांदा-लसूण मी खात नाही आणि खाणार नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, पण अन्न कोणी शिजवलं हा प्रश्न मी यापुढे विचारणार नाही, एवढा मजकूर, आणि मंगलामावशीकडे जेवल्याची एक ओळ. बाबांनी गादीवर बसून वाचलं. एक गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळत होतं. मला वाटलं, आता ते निभावण्याविषयी बोलतील. त्यांनी पेन्सिलीने एक ओळ खोडली.

"मंगलाचं नाव कायले टाकलं? तिले इचारलं?"

"नाही."

"मंग नाही टाकाचं." कागद मला परत देत म्हणाले, "बाकी बेस हाय. पिवळ्या कागदावर छापू."

गावात चर्चा झाली. एक जीपवाला पुढचे कितीतरी दिवस मला "काय ताई, ताट बदललं काय?" विचारायचा आणि मी हो म्हणायचे. शिरपूरच्या मामांनी दोन महिने बोलणं टाकलं. आई अजून मंगलामावशीकडे जेवलेली नाही, हेही लिहून ठेवते, कारण लपवलं तर तेही खोटंच. चहा मात्र घेते, आणि तिथे बसते तास तास.

आता तुमचं. तुमच्या घरी रोज येणारं, तुमच्या घराला काय चालतं नि काय नाही हे पाठ असलेलं एक माणूस असेलच. त्याचं नाव हे वाचताना तुमच्या मनात आलंही असेल. या आठवड्यात त्याला विचारा, "तुमच्याकडे जेवायला येऊ का?" त्याआधी आपल्या घरात बोला, म्हणजे तुमच्या येण्यापायी त्याचं काम जाणार नाही. ते नाही म्हणालं तर राग धरू नका. हो म्हणालं तर डबा नेऊ नका, मिठाई नेऊ नका. बसा, वाढतील ते जेवा, आणि पाणी त्यांच्याच माठातलं प्या.